गेनुमामा आणि मोटारीचे दात

गेनुमामांनी मोटार घेताना तिचं तोंड उघडून दात पाहिले, असं बेल्ह्यात अजून सांगतात. ते खरं नाही. मी त्यांना एकदा सरळच विचारलं होतं. "दात मागनं," ते म्हणाले, "पयलं पाय बघायचं. उभं कसं ऱ्हातंय ते बघायचं. मंग बाकीचं."

बैल पाहण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. बेल्ह्याच्या बैलबाजारात ते दलाली करायचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि खांद्यावर भला मोठा पंचा. त्या पंच्याखाली घेणाऱ्याचा हात धरून बोटांनी भाव ठरायचा आणि वर तोंडं मात्र पीकपाण्याच्या गप्पा मारत असायची. हे सगळेच दलाल करतात. मामांची वेगळी गोष्ट ही, की ते बैलाची खोड आधी सांगायचे आणि गुण मागाहून. "ह्यो नदीत बसतोय बरं का. गाडीसकट बसंल. तुमच्या वाटंला नदी हाय का?" नदी नसली तर सौदा व्हायचा. असली तर मामा दुसरी जोडी दाखवायचे. इतर दलाल हसायचे, पण लांबलांबून आलेली माणसं बाजारात शिरली की आधी विचारायची, गेनुभाऊ कुठं बसलेत.

मी बी.एस्सी., बी.एड. होऊन तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले ते साल पंच्याण्णव असावं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर आता पुढचं सोपं, असं मला वाटलं होतं. खोली शोधताना ते उतरलं. आडनाव सांगितलं की घरमालकांना आपली खोली दुरुस्तीला काढायची आहे हे आठवायचं. ठकूआत्यानं, म्हणजे गेनुमामांच्या बायकोनं, आडनाव विचारलंच नाही.

"गाव कंचं?"

"महाळुंगे पडवळ."

"माज्या माहेरची? महाळुंग्यात कुठं?"

मी सांगितलं, ओढ्याच्या अंगाला, बौद्धवस्तीत. वडिलांचं नाव सांगितलं.

"किसनची पोरगी तू?" ती ओसरीवर पाय पसरून शेंगा फोडत होती, तशीच बसून राहिली. "आगं, त्यानं मला लहानपणी चिंचा पाडून दिल्यात. मी खाली वटा धरून उभी आन त्यो वर. मंग मी तुजी आत्या की. आन हे तुजं मामा. ह्यांचं फार ऐकायचं न्हाई, एवढी एक अट."

मी त्या घरात आठेक वर्षं राहिले. भाड्याचा विषय मीच काढायचे, आणि मामा तो विषय बैलांकडं वळवायचे. घरी कुणी पाहुणा आला की ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या बाई. बीएस्सी हायेत." त्या 'आमच्या' शब्दाचं मला किती अप्रूप होतं हे मी त्यांना कधी सांगू शकले नाही. म्हणून निदान लिहून ठेवते आहे.

ठकूआत्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. गोठ्यात घसरून पडली, हाड बसवलं ते तसंच बसलं, आणि पाय काठीसारखा सरळ झाला. घरात ती काठी टेकत सगळं करायची. पण एसटीची पायरी उंच, टेम्पोची त्याहून उंच, आणि वर चढलं तरी पुढं पाय ठेवायला जागा नाही. एकदा तिला वडापच्या जीपमध्ये मागून ढकलून बसवलं होतं. त्यानंतर तिनं सांगून टाकलं, की मला कांद्याच्या पोत्यासारखं कुणी चढवायचं नाही, मी कुठं जात नाही. माहेरी तिचा थोरला भाऊ होता. त्याला भेटायला ती कित्येक वर्षं गेली नव्हती. तो येऊन जायचा. पण भाऊ आपल्याकडं येणं आणि आपण माहेरी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बायकांना सांगावं लागत नाही.

मोटार घरी आली ती एका गाईमुळं.

जुन्नरच्या बाजूला कुकडीच्या काठी पुण्याच्या एका माणसाची वडिलोपार्जित जमीन होती. नोकरी सोडून तो तिथं राहायला आला होता आणि मुलांच्या दुधासाठी त्याला गाय हवी होती. मामा चांगली दुभती गाय घेऊन गेले. गाय पसंत पडली, पण बांधायची कुठं? गोठ्यात आजोबांची मोटार उभी होती. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आणि पेंढ्यांवर कोंबड्या.

"ही आदी भायर काढा," मामा म्हणाले.

"काढून ठेवू कुठं? भंगारवाला पण नेत नाही."

"गाईच्या बदली मी नेतो."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्यांना कळलं, असं ते सांगायचे. पण दिलेला शब्द बाजारात मागं घेत नाहीत. त्यांनी पेंढ्या उतरवल्या, मोटारीला दोन फेऱ्या घातल्या, खाली वाकून चाकं पाहिली, टपावर थाप मारली. मग गाय गोठ्यात गेली आणि मोटार बाहेर आली.

ती त्यांनी बैल जुंपून आणली. गावोगाव ओळखीचे शेतकरी. एकाची जोडी दमली की दुसऱ्याची. मामा आत बसून डाव्या हातानं स्टिअरिंग धरायचे आणि उजव्या हातानं खिडकीतून आसूड हलवायचे. बैल पाणी प्यायला थांबले की ते मोटारीच्या टपावरही दोन ओंजळी पाणी मारायचे. "तिला बी ऊन लागतंय," हे त्यांचं कारण.

घरासमोर मोटार उभी राहिली तेव्हा निम्मा गाव जमला. ठकूआत्या ओसरीवरूनच बघत होती. कोण म्हणालं, टपाचा पत्रा चांगला आहे, कोण म्हणालं, चाकं बैलगाडीला बसतील. आत्यानं एकच विचारलं.

"ह्यात मला बसता यील का हो?"

मामांनी दाराकडं पाहिलं, तिच्या पायाकडं पाहिलं. "बसवतो," ते म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं त्या घरात जे चाललं ते या एका शब्दासाठी.

मोटार स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, छोटीशी. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, दारं उलट्या बाजूनं उघडणारी, दाराखाली पाय ठेवायला लांब फळी. वळायचं असलं की बाजूच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर यायचा. म्हणजे यायला हवा होता. इंजिन जाम झालेलं. मामांचा मुलगा दत्ता आयटीआय केलेला, आळेफाट्याला डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं प्लग काढून भोकांतून रॉकेल ओतायला सांगितलं. मामांनी बैलाला औषध पाजायची बांबूची नळी आणली आणि रोज सकाळी त्या नळीनं इंजिनाला रॉकेल पाजू लागले. पाजताना तोंडानं "हां, हां, घे, गिळ" असं चालू असायचं. दत्ता कपाळावर हात मारून घ्यायचा. पण एके दिवशी हँडल फिरलं, आणि त्या दिवशी मामांनी जेवताना दत्ताच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

सगळंच असं जमलं नाही. कातडी सीटं कडक झाली होती, म्हणून मामांनी जुंपणीच्या पट्ट्यांना लावतात तसं करडईचं तेल सीटांना भरपूर चोळलं. दुसऱ्या दिवशी मोटारीत मुंग्यांची जत्रा भरली. मग मुंग्यांसाठी हळद टाकली. सीटं पिवळी झाली. आत्या म्हणाली, "आता फकस्त अक्षता टाकायच्या ऱ्हायल्या."

पोळ्याला तर मोटारीला बाशिंग बांधलं. दिव्यांच्या कडांना हिंगूळ लावला, टपावर झूल टाकली आणि बैलांबरोबर तिलाही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पोळी बॉनेटवर ठेवली होती, ती शेजाऱ्यांच्या कोंबडीनं खाल्ली. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "तिच्या अंगावर इतकी वर्सं कोंबड्याच व्हत्या. त्यांचा हक हाय," ते म्हणाले.

इंजिन फिरल्यावर खरी भांडणं सुरू झाली. मोटार चालू तर करायची, पण तिचं करायचं काय?

दत्ताचा बेत पक्का होता. नवरदेवाची गाडी. टप कापायचा, लालभडक रंग द्यायचा, डिझेल इंजिन टाकायचं, वाजणारा हॉर्न बसवायचा. "आबा, लग्नसराईत एक दिस मोकळी ऱ्हायची न्हाई. आन टप कापला की आईला वरनं बसवता यील."

"वरनं? क्रेन लावून का?" आतून आत्याचा आवाज आला.

मामा दत्ताला एकदम नाही म्हणायचे नाहीत. ते बाजारातला मुद्दा काढायचे. बैलाची शिंगं घासतात, रंगवतात, टोकांना पितळेच्या शेंब्या घालतात. त्यात फसवणूक नाही, तो बैलाचा थाट आहे. पायाची पत्री, म्हणजे नाल, झिजली की नवी मारतात. ती मारायलाच हवी, नाहीतर तो चालणार कसा? पण दात घासायचे नाहीत. दातावरून वय कळतं. दात घासणारा दलाल बाजारात एकदाच खपतो.

"मंग हिचं दात कुठं हायेत ते ठरवा," दत्ता चिडून म्हणाला.

मामांनी ते मनावर घेतलं. कित्येक दिवस ते मोटारीभोवती फिरत होते. मी शाळेतून आले की मला बोलवायचे. "बाई, ह्यो पुढच्या पंखावरचा पोचा. ह्यो दात का शिंग?" मी म्हणायचे, दात असावा. "मला बी तसंच वाटतंय. कायतरी झालं आसंल तवा. ऱ्हाऊ द्या." टायर, ब्रेक, वायरी, दिव्यांच्या काचा ही पत्री ठरली, सगळं नवं आलं. सीटांचं नवं कापड शिंगात गेलं. विटलेला हिरवा रंग, भेगा पडलेलं स्टिअरिंग, समोरची लाकडी फळी हे दात. पिवळ्या हातांवरून दोघांचं फार वाजलं. दत्ताला त्यांच्या जागी लुकलुकणारे दिवे हवे होते. मामांनी ते हात ठेवले, आणि दिवेही बसवू दिले. टप वाचला. दत्तानं तोंड पाडलं, पण काम सोडलं नाही. पुढं पुढं तर गिऱ्हाइकांची इंजिनं खोळंबून ठेवून तो या मोटारीखाली शिरलेला असायचा.

मग पुण्याचे पाहुणे आले. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, जुन्या मोटारींचे शौकीन. गाय घेतलेल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं. ते आले ते चहासुद्धा न घेता मोटारीखाली गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गेनुभाऊ, ही फार थोडी बनली हो. मी आजवर दोन पाहिल्यात, आणि दोन्हींचा तळ कुजून गेलेला होता. हिचा तळाचा पत्रा कंपनीचा आहे. शिक्का आहे त्याच्यावर. कडब्यामुळं कोरडा राहिला."

"म्हंजी हा बी दातच," मामा माझ्याकडं वळून म्हणाले.

पाहुण्यांना हे दातांचं प्रकरण समजावून सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले, की आपल्या वहीवर लिहून घेऊ लागले. मामांची आणि त्यांची गट्टी तिथंच जमली. ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, येताना कुठून कुठून मिळवलेले भाग आणायचे. मोटारीच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स त्यांनी आणून दिली, ती मी वाचून मराठीत सांगायचे. हिंगूळ त्यांनीच पुसायला लावला. तो पत्रा खातो हे त्यांनी दाखवून दिलं, आणि मामांनी कान पकडला. पुण्याला जुन्या मोटारींचा मेळा भरणार होता. ही मोटार मूळ रूपातल्या गाड्यांच्या रांगेत पहिली येईल, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. अट एकच, आता तिला काही कापायचं नाही, काही टोचायचं नाही.

मामा सगळ्या बाजाराला सांगून आले. पुण्याला पहिला नंबर. माणसं त्यांना वाटेत थांबवून विचारू लागली.

आणि घरात आत्या. एकदा तिनं काठी टेकत जाऊन मोटारीत बसून पाहिलं होतं. फळी उंच पडली, दार अरुंद, आणि कसंबसं आत गेल्यावर सरळ पाय समोरच्या पत्र्याला टेकून बसणंच होईना. दत्ता म्हणाला, मधला खांब कापू, दार रुंद करू, पुढं पायरी वेल्डिंग करू. दोन दिवसांचं काम. मामा त्या खांबाकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "थांब जरा." जेवायला बसले तर भाकरी तशीच. आत्या म्हणाली, "नका कापू. पुण्याचं पावणं नाराज हुत्याल. मला काय, मी ओसरीवरनं बगतीया."

हे ती रागानं म्हणाली असती तर मामांना बरं वाटलं असतं. ती समजुतीनं म्हणाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा दुपारीच घरी आले. आले ते टोपली-फावडं घेऊन अंगणात खणायला लागले. बेल्ह्याच्या बाजारात जनावरं टेम्पोत चढवायला मातीचा उंचवटा केलेला असतो. टेम्पोची मागची फळी पाडली की त्याला बरोबर टेकते आणि बैल चालत आत जातो. मामांनी मोटारीच्या फळीची उंची काठीवर मोजून ठेवली होती. दोन दिवसांत अंगणात तसाच एक ओटा उभा राहिला, ओसरीपासून हळूहळू चढत जाणारा, वर शेणानं सारवलेला.

आत्यानं तो पाहिला आणि कमरेवर हात ठेवला. "मला काय म्हस समजता का, धक्क्यावरनं चढवायला?"

"म्हस कशाला?" मामा म्हणाले. "चांगल्या खिलारी जोडीला बी असंच चढवतात."

"जोडीतला दुसरा कोण मंग?"

"ह्यो काय, उभा हाय."

आत्या हसत हसत ओट्यावरून चालत गेली. उलट उघडणाऱ्या दारातून पाठमोरी होऊन सरळ सीटवर टेकली. पहिला भाग जमला. मोटारीला हात न लावता मामांनी जमीनच बदलली होती. दत्तानंही कबूल केलं की हे आपल्याला सुचलं नव्हतं. पण पायाचं काय? पाय अजून समोर टेकतच होता. सीट वीतभर मागं सरकवली असती तर तो बरोबर लांब झाला असता. सीट ज्या बोल्टांवर उभी होती ते तळातून गेले होते. मागं सरकवायची म्हणजे त्या शिक्क्याच्या पत्र्याला नवी भोकं पाडायची.

मामांचे तीन बाजार असेच गेले. पंच्याखाली हात घालून बसायचे, पण मन सौद्यात नसे. या मोटारीची एवढी चर्चा झाली होती, आणि पाहुण्यांनी किती जीव लावला होता. मला एकदा विचारलं, "बाई, पत्र्याला भोक पाडलं की त्यो पत्रा बाद का?"

मी शिकवायचे विज्ञान, पण हा प्रश्न विज्ञानाचा नव्हता. मी म्हणाले, "मामा, पत्रा बाद होत नाही. पण पहिल्यासारखा राहत नाही."

"हां," ते म्हणाले. "खरं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दत्ताकडून हातानं फिरवायचं ड्रिल मागून घेतलं. दत्ता म्हणाला, मी पाडतो, विजेचं आणतो. मामा नको म्हणाले. स्वतः मोटारीत आडवे होऊन त्यांनी एकेक भोक पाडलं. आत्या ओट्यावर येऊन उभी राहिली. "आवं, नका ना. ऱ्हाऊ द्या." मामांनी वर पाहिलं नाही. "बैलाला येसण घालताना त्येची आय असंच हंबारती," ते म्हणाले. आत्यानं त्यांच्या पाठीत काठीचं टोक टोचलं. मग मात्र ती हलली नाही. सीट सरकवून बोल्ट आवळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

महाळुंग्याच्या जत्रेला आम्ही गेलो. पुढं मामा आणि आत्या, मागं मी आणि आंब्यांची पाटी. आत्यानं पाय लांब केला, टाचेखाली गोधडीची घडी ठेवली आणि काठाचा पदर डोक्यावरून घेतला. मामा मोटार बैलांच्या चालीनंच चालवायचे. सायकली आम्हाला मागं टाकून जात होत्या. आळेफाट्याला दत्ता दुकानाबाहेर उभा होता, त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना बाहेर बोलावून दाखवलं. नारायणगावात आत्या म्हणाली, "आगं बया, हितं दोन मजली झालं की." कळंबच्या अलीकडं ती खिडकीला टेकून बाहेर बघू लागली. ओढा दिसला तेव्हा मला म्हणाली, "तुज्या बापाची चिंच कंची गं?" मी दाखवली.

भावाच्या दारापुढं नवा ओटा तयार होता. मामांनी काठीचं माप माणसाबरोबर आधीच धाडलं होतं. म्हातारा भाऊ ओट्याशेजारी उभा होता, नवी टोपी घालून.

"लोकं इचारत्यात, दारापुढं ह्यो बांध कशाला घातला," तो म्हणाला. "म्या म्हणलं, माजी भन येतीया, मोटारीतनं."

आत्या काठी न घेता त्याच्या खांद्यावर हात ठेवून ओट्यावरून चालत घरात गेली. मामा मोटारीपाशीच थांबले. लोक गोळा झाले होते, त्यांना ते पिवळा हात बाहेर काढून दाखवत होते, आत घालत होते, पुन्हा काढत होते. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून असावं, ते बराच वेळ त्याच एका हातात अडकून होते.

पाहुणे पुढच्या खेपेला आले तेव्हा मामा गेटापर्यंत सामोरे गेले. रामराम व्हायच्या आधीच म्हणाले, "पावणं, आदी खोड सांगतो. तळाला भोकं पाडल्यात. मीच पाडली."

पाहुणे आत वाकले. बोटानं एकेक भोक चाचपलं. मला त्यांच्याकडं बघवेना.

"गेनुभाऊ," ते शेवटी म्हणाले, "मी नसती पाडली."

"बरूबर हाय. तुमच्या मंडळींचा पाय वाकतोय."

पाहुणे म्हणाले, "वाकतो खरा."

"बैलाच्या नाकात भोक असतंय, पावणं. येसण घातल्याबिगर त्यो घरचा हुत न्हाई. त्या भोकापायी कुणी त्याला कमी म्हणत न्हाई. पर दुसरं भोक पाडायचं न्हाई. ते मी बी पाडायचा न्हाई."

पाहुण्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. परत जाताना ते मला म्हणाले, "तो पत्रा आता कुठंच पाहायला मिळायचा नाही हो, बाई." मलाही त्या क्षणी ते खरंच वाटलं, आजही वाटतं. पण आपल्या गाडीत बसायच्या आधी ते पुन्हा ओट्यापाशी गेले, त्याच्यावरून चालून पाहिलं, आणि मामांकडून काठीचं माप मागून घेतलं. त्यांच्या आईला हवं होतं.

मूळ रूपाच्या रांगेत आता मोटार बसणार नव्हती, पण त्यांनी मेळ्याला यायचा आग्रह धरला. मामा गेले, आत्याही गेली, मीही गेले. मैदानात ओटा नव्हता, त्यामुळं आत्या दिवसभर मोटारीतच बसून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, तीही मांडणीचा भाग आहे. लोक तिचे फोटो काढायचे आणि ती प्रत्येकाला "माहेर कुठलं?" विचारायची, पुरुषांनासुद्धा. मामांनी तो बाजारच समजला होता. मोटारीच्या तोंडाशी उभे राहून ते येईल त्याला आधी भोकं दाखवायचे. एका तरुणानं विचारलं, "काका, विकणार का?" मामांनी सवयीनं खांद्यावरचा पंचा काढून हात पुढं केला. त्या बिचाऱ्यानं पंचा हातात घेऊन घाम पुसला आणि थँक्यू म्हणून परत केला. हे सांगताना मामांना पुढं कितीतरी वर्षं हसू आवरायचं नाही. बक्षीस मिळालं नाही. मामांनी बाजारात सांगितलं, की पुण्यात दाती गुरं निराळी लावतात आणि कामाची निराळी.

दोन हजार तीनच्या सुमारास माझी बदली घोडेगावला झाली. निघताना आत्यानं खणानं ओटी भरली. मामांनी काहीच दिलं नाही, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत आले आणि कंडक्टरला सांगितलं, "आमच्या बाई हायेत."

आत्याला आता हिंडायची चटक लागली होती. ओटे वाढत चालल्याचं कानावर यायचं. थोरल्या मुलीच्या दारी एक, मामांच्या एका व्याह्यांकडं एक. आळेफाट्याला दत्तानं तर सिमेंटचाच बांधला.

मी दोघांना शेवटचं पाहिलं ते घोडेगावहून मंचरला जाताना, एसटीतून. बस अचानक हळू झाली ती बैलगाडीच्या वेगावर आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. पुढच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "कोण मेलाय पुढं?" कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली. "जुनी मोटार हाय राव, साईडच दीना." मी उठून पुढं गेले. विटलेला हिरवा रंग ओळखू आला.

माणसं कुरकुरत होती, कुणाची तहसीलची कामं राहिली होती, कुणाला पुढची बस गाठायची होती. मी एकटीच कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं हसत होते. बऱ्याच वेळानं रस्ता रुंद झाला. मामांनी मोटार कडेला घेतली आणि खिडकीतून हात काढून बसला पुढं जायची खूण केली, मागच्या बैलगाडीला करतात तशी, न बघता.

बस शेजारून गेली तेव्हा मी खिडकीतून हाक मारली. आवाज इंजिनात बुडाला. मामा रस्त्यावर नजर ठेवून आत्याला काहीतरी सांगत होते, आणि आत्या पाय लांब करून, एका हातानं पदर सावरत, तोंड उघडून हसत होती. दोघांनीही बसकडं पाहिलं नाही.